हातात पट्टी, समोर वस्तू: मोजमापाची चाचणी कशी घ्यावी

चौथी-पाचवीची गणिताची कोणतीही प्रश्नपत्रिका घ्या आणि तिच्यातले मोजमापाचे प्रश्न वेगळे काढा. '३ मीटर २५ सेंमी म्हणजे किती सेंमी?', '४ किलो ५० ग्रॅमचे ग्रॅम करा', '१५ सेंमी लांब आणि ८ सेंमी रुंद आयताचे क्षेत्रफळ काढा' असेच बहुतेक प्रश्न सापडतील. हे सगळे प्रश्न सोडवताना मूल एकदाही काहीच मोजत नाही. शंभराने किंवा हजाराने गुणायचे, शून्ये नीट मांडायची, सूत्रात संख्या भरायच्या, एवढे जमले की पैकीच्या पैकी गुण. ज्याला पेन्सिलीची लांबी पट्टीवर वाचता येत नाही असा मुलगाही या पेपरात पहिला येऊ शकतो.

रूपांतराचे प्रश्न वाईट आहेत असे मी म्हणत नाही. पण ते दशमान पद्धतीचे प्रश्न आहेत आणि त्यांचे गुण मोजमापाच्या नावावर जमा होतात. मोजमाप येते की नाही हे पाहायचे असेल तर मुलाच्या हातात साधन द्यावे लागते. निदान कागदावर तरी असा प्रश्न द्यावा लागतो की ज्याचे उत्तर साधन समजल्याशिवाय येणारच नाही. तिसरी ते सहावीच्या शिक्षकांना आणि घरी अभ्यास घेणाऱ्या पालकांना हे कसे जमवता येईल, तेच या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात लांबीपासून करू, कारण बाकीच्या सगळ्या मोजमापाची मुळे तिच्यात आहेत. पट्टीवर पेन्सिल अशी काढून दाखवा की तिचे एक टोक ४ वर आहे आणि दुसरे ११ वर. विचारा, पेन्सिल किती सेंटिमीटर? उत्तर ७. पण वर्गात आणखी दोन उत्तरे हमखास मिळतील, ११ आणि ८. या दोन्ही उत्तरांवर एकच लाल फुली मारली तर हाती आलेली माहिती आपणच पुसून टाकतो. ११ म्हणणारे मूल फक्त शेवटचा आकडा वाचते. पट्टी शून्यापासून सुरू होते याला काही अर्थ आहे, हे त्याच्यापर्यंत पोचलेले नाही. ८ म्हणणारे मूल त्याच्या पुढे आहे. त्याला मोजायचे असते हे कळते, पण ते ४, ५, ६ असे करत रेघा मोजते, रेघांमधली अंतरे मोजत नाही. दोघांना शिकवायचे ते वेगवेगळे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात २००३ साली चौथीच्या मुलांना असाच प्रश्न होता: ८ इंचापासून साडेदहा इंचापर्यंत ठेवलेली दात कोरायची काडी किती लांब? अडीच इंच हे बरोबर उत्तर पाचातल्या जेमतेम एका मुलाने दिले आणि बऱ्याच मुलांनी साडेतीन सांगितले. म्हणजे रेघा मोजणे ही फक्त आपल्या वर्गातली खोड नाही. सूत्र पाठ होण्याआधी एकक म्हणजे काय हे पक्के झाले नाही की ही चूक कुठेही होते.

या प्रश्नासाठी 'तुटकी पट्टी' तयार करणे सोपे आहे. जाड कागदावर सेंटिमीटरच्या खुणा करून ३ ते १४ एवढाच तुकडा कापा आणि मुलांना द्या. याने वहीची रुंदी मोजायला सांगा. तुकडा छोटा, वही मोठी, म्हणून तो दोनदा ठेवावा लागतो. मूल पहिल्या तुकड्याच्या टोकाशी खूण करते का, दुसरा तुकडा तिथूनच लावते का, मध्ये फट सोडते का, हे सगळे डोळ्यांसमोर घडते. दहा लेखी प्रश्नांतून जे कळणार नाही ते इथे दोन मिनिटांत दिसते.

सरळ पट्टीने मोजायला सांगतानाही साधन आधी स्वतः तपासा. बाजारातल्या काही प्लास्टिकच्या पट्ट्यांवर शून्याची रेघ अगदी कडेला असते, काहींवर कडेपासून थोडी आत. शाळेतल्या जुन्या लाकडी पट्ट्यांची टोके झिजलेली असतात. मूल पट्टीची कड लावते की शून्याची रेघ, हे बघायचे असेल तर आत शून्य असलेली पट्टीच मुद्दाम द्यावी. आणि छापील प्रश्नांबाबत एक गोष्ट कधीच विसरू नये. प्रश्नपत्रिकेवर '८ सेंमी' म्हणून आखलेली रेघ झेरॉक्समध्ये किंवा पानाला बसवून छापताना लहान होते. मूल प्रामाणिकपणे ७ सेंमी ६ मिमी मोजते आणि आपण उत्तरसूचीतल्या ८ शी ताडून त्याला चूक ठरवतो. उत्तरसूची नेहमी मुलांच्या हातात पडणाऱ्या छापील प्रतीवरून, स्वतः पट्टी लावून करावी.

लांबीनंतर येते मापनपट्टी वाचणे, आणि माझ्या मते उच्च प्राथमिकच्या उंबरठ्यावर सर्वांत कमी तपासले जाणारे कौशल्य हेच आहे. मोजपात्रावर २०० आणि ३०० या आकड्यांच्या मध्ये पाच समान भाग आहेत आणि पाणी तिसऱ्या खुणेपर्यंत आहे. उत्तर २६० मिली. २०३ म्हणणारे मूल प्रत्येक खूण एकाची धरते, २३० म्हणणारे दहाची. कारण त्याने आजवर पाहिलेल्या पट्टीवर प्रत्येक मोठ्या घराचे दहाच भाग होते. म्हणून चाचणीत निदान एक प्रश्न पाच भागांचा आणि एक चार भागांचा हवाच. तापमापी, स्वयंपाकघरातला काट्याचा वजनकाटा, औषधाच्या बाटलीबरोबर येणारे छोटे माप, यांपैकी कशाचेही चित्र चालते. पाण्याची पातळी वाचताना पात्र हातात उचलून तिरके धरणारी मुले बरीच असतात. पात्र सपाट जागी ठेवून, डोळे पातळीच्या उंचीला आणून वाचले का, याची नोंद प्रात्यक्षिकात जरूर करा.

वस्तुमान आणि धारकता यांची चाचणी घरातल्या वस्तूंवर छान होते. खाद्यतेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम असेही छापलेले आढळते. ती पिशवी दाखवून पाचवीच्या मुलांना विचारा, 'एक लिटर म्हणजे एक किलो का?' पाण्यावरून अनेकांनी तसे धरलेले असते. त्यांचे लेखी उत्तर वाचण्यासारखे असते. काही मुले छपाईत चूक आहे म्हणतात, काही मुले तेल पाण्यावर तरंगते हे आठवून कारण मांडतात. गॅसचा सिलिंडर हा असाच दुसरा चांगला प्रश्न. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो आणि रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच लिहिलेले असते. रिकामी टाकी १५.८ किलोची असेल तर भरलेली वजनकाट्यावर किती दाखवेल? काही दिवसांनी काटा २२ किलो दाखवत असेल तर गॅस किती उरला? (३० किलो आणि ६.२ किलो.) यातली बेरीज-वजाबाकी किरकोळ आहे. पात्राचे वजन वेगळे आणि आतल्या वस्तूचे वेगळे ही समज खरी तपासली जाते. दशांश शिकवले नसतील तर संख्या ग्रॅममध्ये द्या किंवा पूर्ण किलो घ्या.

इथेच एक मुद्दा सांगायला हवा. मोजमापाच्या प्रश्नात आकडे सोपे ठेवावेत. ३७.५ ला १८.४ ने गुणताना मूल चुकले तर ते क्षेत्रफळात चुकले की गुणाकारात, हे आपल्याला कळणार नाही. एका प्रश्नाने एकच गोष्ट तपासली तर उत्तराचा अर्थ लावता येतो.

आपल्या भाषेतली मापे चाचणीतून वगळू नयेत. सव्वा लिटर, पाऊण किलो, अडीच मीटर, पावणेपाच हे शब्द बाजारात आणि घरात रोज कानावर पडतात, पण लेखी परीक्षेत येत नाहीत. तोंडी कामात पाच-सहा प्रश्न यांचेच ठेवा: पाऊण किलोत किती ग्रॅम, सव्वा लिटरमध्ये २५० मिलीचे पेले किती, पावणेपाच घड्याळात दाखव. इंग्रजी माध्यमाच्या मुलांचा हे प्रश्न पहिल्यांदा फारच गोंधळ उडवतात. त्यांना आधी आठवडाभर सराव द्यावा. डझन, ग्रोस, दस्ता आणि रीम यांच्यासाठी एखादा प्रश्न पुरे. दस्त्याचे २४ आणि रिमाचे ४८० कागद पुस्तकात असले तरी हल्ली दुकानातला रीम ५०० कागदांचा मिळतो, एवढे मुलांना सांगून ठेवा.

क्षेत्रफळ आणि परिमितीवर जरा जास्त वेळ घालवायला हवा. लांबी गुणिले रुंदी हे सूत्र मुलांना इतक्या लवकर मिळते की क्षेत्रफळ म्हणजे पृष्ठभाग व्यापणाऱ्या चौरसांची संख्या, हे चित्र मनात तयार होण्याआधीच त्यांचे काम भागू लागते. ते चित्र आहे का हे तपासायचा एक साधा प्रश्न आहे. ६ सेंमी बाय ४ सेंमीचा आयत छापा. त्याच्या फक्त एका लांब आणि एका आखूड बाजूवर सेंटिमीटरच्या खुणा द्या, आत काही आखू नका. मग सांगा, 'यात १ सेंमी बाजूचे चौरस किती बसतील ते पट्टी न वापरता हाताने आखून दाखव.' काही मुले चौरस कडेकडेने काढतात आणि मध्ये जमेल तसे भरतात. काहींच्या ओळींत चौरसांची संख्या सारखी नसते. काही मुले एकसंध आडव्या-उभ्या रेघा मारून २४ घरे करतात. यातल्या तिसऱ्या मुलांनाच सूत्र का चालते ते कळलेले आहे. पहिल्या दोन गटांनीही लेखी पेपरात '६ × ४ = २४ चौसेमी' बिनचूक लिहिलेले असू शकते.

परिमिती आणि क्षेत्रफळ यांची गल्लत तपासायला २४ सेंमीची दोऱ्याची बंद वेटोळी आणि चौकटीचा कागद द्या. दोरा पूर्ण वापरून तीन वेगवेगळे आयत करा आणि प्रत्येकाचे क्षेत्रफळ लिहा. ११ बाय १ चे क्षेत्रफळ ११, ८ बाय ४ चे ३२, ६ बाय ६ चे ३६. दोरा तेवढाच, पण आतली जागा तिपटीहून अधिक वाढली. प्रश्न शेवटी असा विचारा: 'दोन शेतांना सारखेच कुंपण लागले. शेते सारखीच मोठी असतील का? तुझ्या आयतांवरून सांग.' शेतीतल्या घरांतली मुले इथे चांगले बोलतात, कारण बांधावरची आणि गुंठ्यांवरची चर्चा त्यांनी ऐकलेली असते. उलट बाजूची तपासणीही करा. जुन्या लग्नपत्रिकेचा आयत कर्णावर कापा आणि एक तुकडा पालथा करून दोन्हींचा मोठा त्रिकोण जोडा. क्षेत्रफळ बदलले का? परिमिती बदलली का? क्षेत्रफळ तेवढेच, परिमिती मात्र वाढते. 'आकार बदलला म्हणजे सगळेच बदलले' असे मानणारी मुले सहावीतही भेटतात.

मोकळी जागा असेल तर मैदानावर चुन्याने १० मीटर बाय १० मीटरचा चौकोन आखून घ्या. तो एक आर. सातबाऱ्यावर जे 'आर' लिहितात ते हेच, आणि असे शंभर मिळून एक हेक्टर. चौकोन आखण्याचे काम गटाला द्या आणि त्याचेच निरीक्षण करा. टेप सैल पडू न देता धरतात का, कोपरा काटकोनात आहे याची खात्री कशी करतात, शेवटची बाजू मोजून जुळते का पाहतात की नुसती जोडून टाकतात, या नोंदी चौरसाच्या सूत्रापेक्षा जास्त बोलक्या असतात. स्टीलच्या टेपच्या टोकाचा हूक थोडा हलतो. तो बिघडलेला नसतो, आतून आणि बाहेरून मोजताना हुकाच्या जाडीचा हिशेब जुळावा म्हणून तसे केलेले असते. मुले हे विचारतातच.

वेळेच्या चाचणीत चूक कुठे होते हे आधीच माहीत असल्याने प्रश्न नेमका करता येतो. २ वाजून ५० मिनिटांनी सुरू झालेला खेळ ४ वाजून १५ मिनिटांनी संपला. बरोबर उत्तर १ तास २५ मिनिटे. ४१५ मधून २५० वजा करून '१ तास ६५ मिनिटे' लिहिणारे मूल साठाऐवजी शंभराने उसने घेते. एसटीच्या वेळापत्रकावरचा प्रश्नही घ्या: रात्री १०.४५ ला सुटणारी गाडी सकाळी ६.२० ला पोचते, प्रवास किती? ७ तास ३५ मिनिटे. वजाबाकीची मांडणी इथे मदत करत नाही. वेळेच्या रेषेवर बारा वाजताचा टप्पा घेणाऱ्या मुलांना ते लगेच येते, म्हणून कच्चे काम दाखवायला सांगा आणि त्याला गुण ठेवा. घड्याळ समजले आहे का हे पाहायला फक्त तासकाटा असलेले घड्याळ काढा. काटा ३ आणि ४ च्या मध्ये, ४ च्या जवळ. साधारण किती वाजले असतील? जे मूल नेहमी दोन काट्यांचे आकडे पाठाने वाचत आले आहे ते अडते.

कोन मोजताना कोनमापकावरच्या दोन मालिका गोंधळात टाकतात. ५०° चा कोन १३०° वाचला जातो. मोजण्याआधी 'लघुकोन की विशालकोन' हे लिहायला लावले की मूल स्वतःच चूक पकडते. चाचणीत तोंड डावीकडे असलेला एक कोन आणि तिरका ठेवलेला एक कोन द्या. शिवाय लांब भुजांचा ४०° आणि आखूड भुजांचा ६०° शेजारी काढून मोठा कोणता ते विचारा.

अंदाजाला आपल्या चाचण्यांत जागाच नसते. बाक किती सेंमी उंच, ही पिशवी किती ग्रॅमची, असा प्रश्न द्या, पण अंदाजाची चिठ्ठी आधी गोळा करा आणि मगच साधन हातात द्या. नाहीतर मुले मोजून झाल्यावर अंदाज 'सुधारतात'. खऱ्या मापाच्या पाव भागाएवढा फरक चालवून घ्यावा. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंदाज कसा केला हे एका ओळीत लिहायला सांगावे. 'माझ्या विती सहा बसतील, माझी वीत १५ ची' असे लिहिणाऱ्या मुलाचा अंदाज थोडा चुकला तरी पूर्ण गुण द्यावेत.

हे सगळे चाळीस मुलांच्या वर्गात एकट्याने कसे करायचे? वर्गाचे दोन भाग करा. वीस मुले लेखी चाचणी सोडवतील. उरलेली वीस मुले चार-चारच्या गटांत पाच ठिकाणी फिरतील: लांबी, मोजपात्र, तराजू, दोऱ्याचे आयत, कोन. प्रत्येक ठिकाणी सहा मिनिटे. अर्ध्या तासाने अदलाबदल. पाचही ठिकाणी लक्ष ठेवायचा प्रयत्न करू नका. एका ठिकाणी, बहुधा लांबीच्या, तुम्ही बसा. दर सहा मिनिटांनी चार मुले समोर येतात, त्यामुळे सगळी मुले एकदा तुमच्या नजरेखालून जातात. बाकीच्या ठिकाणी मुले नोंद कागदावर लिहून ठेवतील. नक्कल टाळायला पुठ्ठ्याच्या वेगवेगळ्या लांबीच्या पट्ट्या कापून त्यांवर क्रमांक टाका. प्रत्येकाला वेगळी पट्टी मिळाली की शेजाऱ्याच्या उत्तराचा उपयोग नाही. ज्या मुलाला पट्टीवरच्या रेघा दिसत नाहीत त्याला दर सेंटिमीटरला गाठ मारलेला दोरा द्या; मापन तेच राहते. बहुवर्ग शाळेत एका वर्गाला लेखी काम आणि दुसऱ्याला ठिकाणे, अशी पाळी लावता येते. आपल्या आकारिक मूल्यमापनात प्रात्यक्षिक, तोंडी काम आणि उपक्रम ही साधनतंत्रे आहेतच, त्यामुळे यासाठी वेगळी परवानगी किंवा वेगळा तक्ता लागत नाही.

गुण देताना एका मापाचे तीन गुण करा: साधन नीट लावले, वाचन बरोबर, एकक लिहिले. १५ सेंमीच्या पट्टीला १ मिमी, कोनाला २ अंश, फळ्याच्या लांबीला २ सेंमी एवढा फरक बरोबरच मानावा. मोजमाप कधीच काटेकोर शून्य फरकाचे नसते, हे मुलांनाही चाचणीआधी सांगावे. '१२' असे नुसते लिहिणाऱ्याचा एककाचा गुण मात्र जाऊ द्यावा, हळवे होऊ नये. बारा काय, हे न सांगता ते माप पुरे होत नाही.

शिष्यवृत्ती परीक्षेचा सराव घेणाऱ्यांना बहुपर्यायी प्रश्नांपासून सुटका नाही. तिथेही हेच तत्त्व वापरता येते. चुकीचे पर्याय मनाला येतील ते लिहू नका, मुलांच्या खऱ्या चुकांतून घ्या. पेन्सिलीच्या प्रश्नात ७, ८, ११ आणि चौथा १५ ठेवा. कारण काही मुले दोन्ही टोकांचे आकडे मिळवतात. मग कुणी कोणता पर्याय निवडला यावरूनच पुढच्या आठवड्यात कुणाला काय शिकवायचे ते ठरते.

उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर त्या गुणांनुसार न लावता चुकांनुसार लावा. रेघा मोजणारे एकीकडे, शून्य न पाहणारे दुसरीकडे, प्रत्येक खूण एकाची धरणारे तिसरीकडे. वर्गात बहुधा तीन-चारच ढीग होतात. प्रत्येक ढिगासाठी पंधरा मिनिटांची एक कृती पुरते. रेघा मोजणाऱ्यांना सेंटिमीटरचे ठोकळे पट्टीशेजारी मांडायला द्या. शून्य न पाहणाऱ्यांकडून तुटकी पट्टी पुन्हा वापरून घ्या. खुणा चुकीच्या वाचणाऱ्यांना कोऱ्या बाटलीवर कागदाची पट्टी चिकटवून, ५० मिलीच्या मापाने पाणी ओतत, स्वतःच्या खुणा करायला लावा. पालकसभेत '२५ पैकी १७' सांगण्याऐवजी पालकांना ढिगाचे नाव सांगा: 'तुमची मुलगी मोजपात्रावरच्या मधल्या खुणा अजून एक-एक धरून वाचते. घरी चहाला दूध घेताना माप तिच्या हातात द्या आणि दोन आकड्यांच्या मध्ये किती भाग आहेत ते आधी तिलाच विचारा.'